माशाच्या डोळ्याचा दगड

ब्राझीलमध्ये जन्मलेल्या जोसे बोनिफासियो द आंद्राद या खनिजशास्त्रज्ञाने 1800 साली स्वीडनच्या ऊटो बेटावरच्या खाणीतल्या एका खनिजाचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याला त्याने ग्रीक शब्द जोडून जे नाव दिलं, त्याचा अर्थ होतो माशाच्या डोळ्याचा दगड. पुढे हाच माणूस ब्राझीलच्या स्वातंत्र्याच्या लढ्यात पुढारी झाला, पण खनिजांच्या अभ्यासकांना तो या नावासाठी आठवतो. नाव फार दिवस टिकलं नाही. 1806 साली फ्रान्सच्या रने-जुस्त आउईने त्याचं अपोफिलाइट केलं, कारण तापवलं की या दगडाचे पापुद्रे सुटतात. मी मात्र वर्गात आधी जुनं नाव सांगत असे. आउईचं नाव कळायला दगड जाळावा लागतो, आंद्रादचं नाव नुसतं बघून कळतं.

अपोफिलाइटचा चांगला वाढलेला स्फटिक चौकोनी खांबासारखा असतो. उभी बाजू उजेडाकडे धरली तर ती खिडकीच्या काचेसारखी लखलखते. आता तोच स्फटिक फिरवून वरच्या सपाट माथ्याकडे बघा. तिथे काच नाही. तिथे दुधट, किंचित खोल गेलेला, आतून वर येणारा उजेड आहे, बाजारातल्या ताज्या पापलेटच्या डोळ्यात असतो तसा. खनिज एक, स्फटिक एक, आणि दोन बाजूंना दोन तऱ्हांची चकाकी. या माथ्याला समांतर असे अपोफिलाइटचे अतिशय पातळ थर एकावर एक बसलेले असतात आणि ते त्याच दिशेने सहज सुटतात. उजेड वरच्या पृष्ठावरून थोडा परततो, थोडा आत जाऊन खालच्या थरांच्या फटींवरून परततो, आणि हे सगळे परतलेले किरण मिसळून मोत्याची झाक येते. खऱ्या मोत्यातही हेच घडतं.

या खनिजाचे जगातले सर्वांत देखणे नमुने आपल्या सह्याद्रीतून आणि दख्खनच्या पठारावरून निघतात. पुणे, नाशिक, जळगाव, अहमदनगर, औरंगाबाद अशी गावं जगभरच्या संग्रहालयांत या दगडाच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेली आहेत. त्या चिठ्ठ्यांवर गाव असतं, खनिजाचं नाव असतं, देणाऱ्या साहेबाचं नाव असतं. दगड ज्याच्या पहारीला लागला, त्याचं नाव कुठेच नसतं. मी वडाराच्या घरात वाढले आणि पुढे भूगर्भशास्त्र शिकवलं. माझ्या दृष्टीने दख्खनच्या चकाकीचा इतिहास हा त्या न लिहिलेल्या नावांचा इतिहास आहे, आणि तो तसा सांगितला गेला पाहिजे.

आधी चकाकीबद्दल थोडं. खनिज ओळखायला आपण त्याचा रंग बघतो, काठिण्य बघतो, ते फुटतं कसं ते बघतो. पण हातात घेतल्याबरोबर, काहीही घासण्याआधी किंवा फोडण्याआधी, डोळा जी गोष्ट टिपतो ती चकाकी. हिला शास्त्राच्या यादीत शिस्तीने बसवलं ते आब्राहाम गॉटलोब वेर्नरने. 1774 साली, अजून पंचविशीत असताना, त्याने खनिजांच्या बाह्य लक्षणांवर पुस्तक लिहिलं आणि पुढच्याच वर्षी तो जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणकाम अकादमीत शिकवू लागला. चकाकी किती आहे आणि कशासारखी आहे, असे दोन प्रश्न त्याने वेगळे केले. पहिल्याचं उत्तर झगझगीतपासून ते निस्तेजपर्यंतच्या पायऱ्यांत द्यायचं. दुसऱ्याचं उत्तर ओळखीच्या वस्तूचं नाव घेऊन द्यायचं: धातूसारखी, हिऱ्यासारखी, काचेसारखी, मोत्यासारखी, रेशमासारखी, मेणासारखी. अडीचशे वर्षांत सूक्ष्मदर्शक आले, क्ष-किरण आले, तरी पहिल्या वर्षाच्या मुलांना आजही आम्ही हेच शब्द देतो. आपल्या मराठी पुस्तकांतही ते असेच सरळ आले आहेत आणि मला ते आवडतात.

यामागे मोजता येणारी गोष्ट आहे. गारगोटीवर समोरून पडलेल्या उजेडापैकी जेमतेम साडेचार टक्के पृष्ठभागावरून परततो, बाकीचा आत जातो. हिरा सतरा टक्के परतवतो. चांदी नव्वद टक्क्यांहून जास्त. उजेड खनिजात शिरताना किती मंदावतो, त्यावर हे प्रमाण ठरतं, आणि धातूंमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन त्याला आत शिरूच देत नाहीत. पण रेशमासारखी चकाकी या आकड्यांतून निघत नाही. ती शेकडो बारीक तंतू एका दिशेने उभे राहिले की येते. स्कोलेसाइट, मेसोलाइट यांचे जुडगे पाहिले की ते कळतं. अपोफिलाइटचा तो माथाही आकड्यांत बसत नाही. म्हणजे चकाकी द्रव्याने ठरते तशी रचनेनेही ठरते.

आपला काळा पाषाण स्वतः मात्र चकाकत नाही. ताज्या फुटलेल्या बेसाल्टमध्ये कुठे फेल्डस्पारची बारीक काडी चमकून जाते, बाकी सगळं मुकं. त्याचे कण इतके बारीक आणि लोहाने इतके काळवंडलेले असतात की पडलेला बहुतेक उजेड ते गिळतात, आणि उरलेला खडबडीत पृष्ठावरून सैरावैरा विखुरतो. देवळातल्या काळ्या मूर्तीचा गुळगुळीतपणा तिथे घासणाऱ्या हाताने आणलेला असतो. पण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा थरावर थर पसरत गेला, तेव्हा त्यात वायूचे बुडबुडे अडकले. लाव्हा थिजला आणि बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. कुठे वाटाण्याएवढ्या, कुठे माणूस वाकून आत शिरेल एवढ्या. मग त्या खडकातून कोमट-गरम पाणी झिरपत राहिलं. त्याने खडकातलं कॅल्शियम, सोडियम, सिलिका, अल्युमिना विरघळवून पोकळ्यांत आणून ठेवली. तिथे जागा होती, वेळ होता, कोणी धक्का मारणारं नव्हतं. म्हणून तिथे स्फटिक त्यांना हवे तसे वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही सगळी झिओलाइटची भावंडं, आणि त्यांच्या सोबतीला अपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोटी.

माणसाने या पोकळ्यांतून पहिल्यांदा उचललं ते मात्र झिओलाइट नव्हे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांच्या वस्तीत लालसर कार्नेलियनचे मणी सापडले. कार्नेलियन, अकीक, गोमेद हे सगळे सिलिकाचेच प्रकार, बेसाल्टच्या पोकळ्यांत जमलेले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचं नाव येतं ते याच दगडासाठी: भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून गाड्यांवर लादून, अवघड रस्त्याने, मोठ्या प्रमाणावर गोमेद भडोचच्या बंदराला जातो. पुढे तेर, तिथून कापड. सातवाहनांच्या काळातल्या या व्यापाराचे मणी आजही तेरच्या लामतुरे संग्रहालयात बघता येतात.

कच्चा अकीक उचलला तर त्याची चकाकी मेणासारखी, काहीशी दबलेली असते. खंबातच्या कारागिरांनी तो मडक्यांत घालून शेणीच्या मंद आगीत भाजला, त्यातल्या लोहाचा रंग लाल उमलवला, मग घासून घासून त्याच्यावर काचेची झळाळी चढवली. दगडात नसलेली चकाकी हाताने आणली, हाच त्या धंद्याचा प्राण. हे जमलं कारण अकीक कठीण आहे. मोहसच्या मापावर त्याचं काठिण्य 7 च्या जवळ. अंगठीत घाला, गळ्यात घाला, पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही. अपोफिलाइटचं काठिण्य साडेचार ते पाच, स्टिल्बाइटचं साडेतीन ते चार. सुरीच्या टोकाने दोघांवर ओरखडा उठतो. त्यांच्यावर जन्मतःच लखलख आहे, पण ती दोन दिवस बोटात टिकायची नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत हिरा, मोती, माणिक, पाचू यांच्या परीक्षेवर स्वतंत्र अध्याय लिहिले, त्यांत यांना जागा नाही. दागिन्याच्या बाजारात मऊ दगडाला किंमत नसते, म्हणून तीन हजार वर्षं आपल्या पायाखालची ही चकाकी कोणी विकत घेतली नाही.

आणि ज्यांना ती रोज दिसत होती, त्यांना ती नको होती. वडारांमध्ये माती वडार, गाडी वडार आणि जाती बनवणारे पाथरवट असे भेद आहेत. माझे आजोबा जाती, पाटे-वरवंटे, उखळं घडवत आणि गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावून देत. चांगला दगड ओळखायची त्यांची रीत आवाजाची होती. घणाच्या मागच्या टोकाने ठोकायचं. ठणठणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर सोडायचा. बद्द वाजतो तो पोकळ्यांचा, पांढरे डोळे असलेला दगड. त्याचं जातं केलं तर पांढरे डोळे दळताना निखळून पिठात येतात. म्हणजे त्यांचं सगळं शहाणपण चकाकणारा दगड टाळण्यात होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी ते स्फटिक पाहिले नाहीत असं कोणी म्हणू नये. कुठल्या थरात, किती खोल, कुठल्या डोंगराच्या कुठल्या अंगाला ते असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण तिथे घाव घालायचा नाही हे ठाऊक असणं हा त्यांचा धंदा होता.

लेणी कोरणाऱ्यांनाही हे कळत असणार. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख वाचायला जाणारे पुष्कळ असतात. तिथल्या भिंतींत कोरताना मधोमध कापले गेलेले पांढरे ठिपकेही बघावेत. त्या डोंगराची गोष्ट पुढे परत येणार आहे.

कागदावर ही चकाकी आली ती कंपनी सरकारच्या काळात. लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स 1824 पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत होता. माणसं, पिकं, पक्षी, भाव, पाऊस, सगळं मोजत तो फिरला, आणि 1833 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे त्याने दख्खनच्या खडकांवर निबंध वाचला. घाटातले आडवे थर आणि त्यांच्या पोकळ्यांतली खनिजं त्यात आली. पण साइक्सला मिळाले ते ओढ्यात उघडे पडलेले, उन्हापावसाने मळलेले तुकडे. ताजा, आतला, न दुखावलेला स्फटिक बघायचा तर डोंगर फोडावा लागतो.

तो फोडला रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं बोरघाटातलं काम 1856 मध्ये सुरू झालं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या चढात 25 बोगदे, दर 37 फुटांना एक फूट चढण. 1861 च्या सुमारास या एका घाटात 40,000 हून अधिक मजूर राबत होते. पहारीने भोक, भोकात दारू, वातीला जाळ, आणि उडालेला दगड टोपल्यांतून खाली. कड्यावर दोर बांधून लोंबकळत भोकं पाडावी लागत. पटकीच्या साथी आल्या, माणसं हजारोंनी मेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको अॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. तिचं नाव इतिहासात आहे, आणि ते असायलाच हवं. 21 एप्रिल 1863 ला गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या हस्ते घाट उघडला. थळघाट 1865 मध्ये झाला.

या दोन घाटांच्या कापांतून झिओलाइट आणि अपोफिलाइटचे असे नमुने निघाले की युरोप-अमेरिकेतल्या खनिजशास्त्राला नवी जागा मिळाली. अमेरिकेतल्या डेना पितापुत्रांच्या खनिजशास्त्राच्या ग्रंथपरंपरेत बोर आणि थळ घाटांच्या रेल्वेकापांची नोंद आहे, पुण्याजवळच्या सह्याद्रीची आहे. मी पदवीच्या वर्गात असताना ग्रंथालयातल्या त्या जाड पुस्तकात हे दोन घाट वाचले आणि बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. जगातल्या सगळ्या खनिजांच्या यादीत आमच्या घाटांची नावं होती. आणि ती तिथे पोहोचली होती वडार, कुणबी, महार, मांग अशा कितीतरी जातींच्या माणसांच्या टोपल्यांतून.

मला नेहमी एक प्रश्न पडतो. सुरुंगाने उडालेल्या ढिगात मूठभर लखलखीत खडे दिसले, तर ते साहेबाच्या टेबलापर्यंत नेले कोणी? अभियंता प्रत्येक ढिगाऱ्याशी उभा नव्हता. कोणीतरी वाकलं, उचललं, धोतराला पुसलं आणि बाजूला ठेवलं. खनिज गोळा करण्यातलं सर्वांत अवघड काम हेच. स्टिल्बाइटचा जुडगा चिमटीत जरा जोरात धरला तर मोडतो. ओकेनाइटच्या पांढऱ्या कापसासारख्या गोळ्याला बोट लागलं की तंतू कायमचे दबतात आणि तिथली झाक जाते. इतक्या नाजूक गोष्टी दारूच्या धुरातून, टोपलीतून, घाटातून शाबूत खाली आल्या, तर त्या आणणाऱ्या हातांना त्यांची किंमत कळत होती असंच मी मानते.

यानंतर जवळजवळ शंभर वर्षं फारसं घडलं नाही. नमुने येत राहिले, संग्रहालयांत जात राहिले, चिठ्ठीवर बहुधा नुसतं ‘पूना’ लिहिलं जात राहिलं.

मग सिमेंट-काँक्रीट आलं. धरणं, रस्ते, वसाहती, सगळ्यांना खडी हवी. पुण्याभोवती पाषाण, वाघोली अशा ठिकाणी खाणी खोल जाऊ लागल्या, खडीचे क्रशर बसले. जात्यासाठी दगड निवडणारी माणसं आता खडीसाठी सगळाच डोंगर फोडू लागली, चांगलाही आणि डोळ्यांचाही. माझे वडील त्या पिढीचे. आजोबांच्या हातात टाकी होती, वडिलांच्या हातात घण आणि सुरुंगाची पहार. क्रशरच्या तोंडात पोकळ्यांचा दगड गेला की पांढरी भुकटी उडायची, आणि त्या भुकटीत काय काय होतं याचा विचार आज केला तरी माझा जीव कळवळतो.

1970 च्या दशकात पाषाणच्या टेकड्यांतल्या खाणींतून हिरवं अपोफिलाइट निघालं. पुदिन्याच्या पानाचा फिका हिरवा, आरपार, आणि माथ्यावर तोच माशाचा डोळा. 1974 मध्ये कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज रॉसमनने दाखवून दिलं की हा हिरवा रंग त्यातल्या अत्यल्प व्हॅनेडियममुळे येतो. तोवर खाणींवर एजंट फिरू लागले होते. वडील सांगत, की आधी लोकांना पटेना. ज्या गारा आपण लाथेने बाजूला सारतो, त्यांचे पैसे? मग पटलं, आणि खाणीतली नजर बदलली. सुरुंग उडाल्यावर धूर बसायच्या आत पोरं धावू लागली. भिंतीत पोकळी दिसली की तिच्याभोवती छिन्नीने गोल कापायचं, आतला स्फटिक बोटाने न शिवता अख्खा तुकडा सोडवायचा, चिंध्यांत नाहीतर गवतात गुंडाळायचा. हे कोणी शिकवलं नाही. दगड कुठून सुटेल हे ज्यांना आजोबांपासून माहीत होतं, त्यांना आठवडाभरात जमलं. पैसे मात्र ज्याने सोडवला त्याच्या हातात नावापुरतेच येत. अमेरिकेतल्या टूसॉनचं खनिजप्रदर्शन 1955 पासून भरतं, आणि दख्खनचे दगड तिथे मानाने मांडले जातात. खाणीतला भाव आणि तिथला भाव यांत किती अंतर होतं, हे आमच्या वस्तीतल्या एकाही माणसाला त्या वेळी कळलं नाही. याचा राग मला आजही आहे.

प्रत्येक खाणीने वेगळी चकाकी दिली. मुंबईत कांदिवलीच्या खाणीने मेणचट हिरवं प्रेहनाइट दिलं आणि बॅबिंग्टोनाइट दिलं, काळंभोर आणि तरीही झगझगीत. काळं म्हणजे निस्तेज हा विद्यार्थ्यांचा समज मी त्याच एका खड्याने मोडत असे. नाशिकला पांडवलेण्यांच्याच डोंगराच्या खाणीत पॉवेलाइट सापडलं. हे कॅल्शियम आणि मॉलिब्डेनमचं खनिज 1891 मध्ये अमेरिकेत प्रथम ओळखलं गेलं आणि त्याला ग्रँड कॅन्यनच्या संशोधकाचं, जॉन वेस्ली पॉवेलचं नाव मिळालं. पण त्याचे मोठे, आरपार, मधाळ पिवळे स्फटिक जगाला नाशिकनेच दाखवले. त्याचा वक्रीभवनांक जवळजवळ 2. त्यामुळे अपोफिलाइट जिथे साडेचार टक्के उजेड परतवतं, तिथे पॉवेलाइट अकरा टक्के परतवतं. हिऱ्यासारखी चकाकी म्हणजे काय, हे मी मुलांना हिरा दाखवून शिकवू शकत नव्हते. पॉवेलाइटचा नखाएवढा तुकडा अपोफिलाइटशेजारी ठेवला की काम व्हायचं. त्यावर अतिनील दिवा धरला तर तो सायीच्या रंगात पेटतो. ज्या डोंगरात सातवाहनांनी लेणी कोरली, त्याच्याच अंगात हे होतं, दगड कोरणाऱ्यांच्या हातापासून काही हातांवर.

आणि वाघोली. कॅव्हन्साइट हे खनिज 1973 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून नोंदलं गेलं. तिथले स्फटिक इवलेसे. 1980 च्या दशकाच्या शेवटी वाघोलीच्या खाणींतून ते इतकं आणि असं निघालं की आता कॅव्हन्साइट म्हटलं की जगाला वाघोलीच आठवते. शुभ्र स्टिल्बाइटवर गडद निळे, सुयांचे बनलेले गोळे. प्रत्येक सुईचं टोक काचेसारखं, म्हणून गोळा जरा फिरवला की निळ्यात असंख्य ठिणग्या सरकतात. त्याच खाणीत त्याचं जुळं भावंड पेंटॅगोनाइटही मिळालं, रासायनिक घटक तेच, अणूंची मांडणी निराळी. रुस्तम कोठावाला यांनी 1991 मध्ये या जागेवर सविस्तर लेख लिहिला. निळ्या रंगाचा दगड आपल्या काळ्या पाषाणात निघतो, हे वडिलांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यांना ते आधीच कानावर आलं होतं, वाघोलीच्या पाहुण्यांकडून.

आपल्याकडे हे सगळं एका छपराखाली बघायचं तर सिन्नरला जावं. नौदलातून निवृत्त झालेले के. सी. पांडे यांनी तिथल्या औद्योगिक वसाहतीत गारगोटी नावाचं खनिज संग्रहालय उभारलं आहे. कॅव्हन्साइट, पॉवेलाइट, झिओलाइट, मोठमोठ्या अख्ख्या पोकळ्या. शाळांच्या सहली तिथे जातात याचा मला मनापासून आनंद होतो. माझ्या पिढीला हे दगड बघायला परदेशी पुस्तकांतले फोटो होते.

चकाकी जाते कशी, हेही सांगायला हवं, कारण संग्रह करणारे तिथे सर्वांत जास्त चुकतात. कॅल्साइटचा थर काढायला कोणी नमुना आम्लात बुडवतं, आणि त्याबरोबर झिओलाइटची पृष्ठं खाल्ली जाऊन मातकट होतात. मग ती परत येत नाहीत. सगळ्यांत हळवं लॉमोंटाइट. खाणीत, ओलीत असताना ते काचेसारखं असतं. कोरड्या हवेत आलं की त्याच्या आतलं थोडं पाणी निघून जातं, आणि काही दिवसांत ते खडूसारखं पांढरं होऊन बोटाखाली भुगा होतं. झिओलाइट हे नाव 1756 मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेटने दिलं ते असंच पाण्यावरून, तापवल्यावर दगड उकळल्यासारखा फसफसला म्हणून. पाणी या खनिजांच्या सांगाड्यातच राहतं, आणि लॉमोंटाइटच्या बाबतीत चकाकीही त्या पाण्याबरोबर राहते. आमच्या विभागात मी एक तुकडा ओल्या कापसावर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवला आणि त्याच पोकळीतला दुसरा शेजारी उघडा. दोन्हींच्या चिठ्ठीवर एकच नाव. मुलं बरणीकडे आणि बशीकडे आळीपाळीने बघत राहायची.

पाषाणच्या खाणींभोवती आता इमारती आहेत. वाघोली 2021 मध्ये पुणे महानगरपालिकेत आली. शहराने ज्या दगडावर घर बांधलं तो दगड आता शहराच्या आतच झाकला गेला आहे. नव्या पोकळ्या उघडतात त्या मुख्यतः दूरच्या खाणींत आणि विहिरींत. 2001 च्या सुमारास राहुरी तालुक्यात मोमीन आखाड्याला हिरव्या अपोफिलाइटचे गोळे निघाले. असंख्य चकाकणाऱ्या पृष्ठांचे ते गोळे पाहून परदेशी संग्राहकांनी त्यांना नाचघराच्या छतावरच्या आरशांच्या गोळ्याचं नाव दिलं. जळगावकडच्या विहिरींतूनही फार सुंदर माल निघाला आहे.

म्हणून विहीर खणणाऱ्यांच्या टोळ्यांशी माझा अजून संबंध आहे. त्यातले बरेच आमच्याच नात्यातले. पोकळी लागली की फोन येतो. मी त्यांना चारच गोष्टी लिहून ठेवायला सांगते: गाव आणि गट नंबर, किती फुटांवर लागली, दगड बद्द होता की ठणठणीत, आणि कोणाच्या हाताने सुटला. विहिरीचं बांधकाम वर आलं की ती भिंत परत दिसत नाही, आणि पाणी लागलं की त्याहून लवकर जाते. विभागातल्या जुन्या संग्रहात ‘पूना’ लिहिलेल्या चिठ्ठ्यांपैकी ज्यांची खाण वडिलांच्या सोबत्यांना ओळखता आली, त्या मी नव्याने लिहिल्या. पाषाणच्या हिरव्या अपोफिलाइटच्या दोन नमुन्यांना तर सुरुंग कोणी लावला होता तेही त्यांनी सांगितलं. देणगीदाराच्या ओळीखाली आता तीही ओळ आहे.